रिस्टोर पॉइंट : संगणकाची कालची घडी जपून ठेवण्याची सोय

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरतेला जाणाऱ्या लोहमार्गाने ही माणसे कापडाच्या या शहरात आली आणि स्थिरावली. यंत्रमाग आणि साड्यांच्या बाजारपेठेइतकाच येथे यंत्रावरील भरतकामाचा धंदाही मोठा आहे. यंत्राने सुई चालवण्याआधी नक्षीतला प्रत्येक टाका संगणकावर आखून द्यावा लागतो. धंद्यात या कामाला ‘पंचिंग’ म्हणतात. त्यासाठी कारखाना लागतोच असे नाही. घरातला एक संगणक, त्यावरील आज्ञावली आणि तिच्या परवान्याची डोंगल एवढ्यावर ते होऊ शकते.

अशा घरात संगणक अडला की त्या दिवसाची कमाई अडते. पुष्कळदा बिघाड यंत्राचा नसतोच. नव्या प्रिंटरसाठी ड्रायव्हर बसवलेला असतो, रात्री विंडोजने स्वतःहून काही बदल उतरवून घेतलेले असतात, किंवा मुलांनी एखादा खेळ टाकलेला असतो. आणि सकाळी आज्ञावली डोंगल ओळखेनाशी होते. मग ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ठरलेले उत्तर ऐकू येते. फॉरमॅट म्हणजे सगळी मांडणी पुसून नव्याने संसार थाटणे. यातले बरेच प्रसंग पाच मिनिटांच्या एका सवयीने टळू शकतात. ती सवय म्हणजे कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी ‘रिस्टोर पॉइंट’ तयार करणे. (याला ‘पुनर्स्थापन-बिंदू’ असा प्रतिशब्द देता येईल, पण संगणकापुढे बसलेला कोणी तो वापरील असे वाटत नाही.)

ही सोय जुनी आहे. सन २००० मध्ये आलेल्या विंडोज एमई या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ती प्रथम दिली. ठरलेल्या क्षणी विंडोजच्या स्वतःच्या फाइली, ड्रायव्हर, बसवलेल्या आज्ञावल्या आणि रजिस्ट्री नावाची नोंदवही या सर्वांची स्थिती कशी होती, याची खूण ती डिस्कवर राखून ठेवते. पुढे घडी विस्कटली, तर संगणक त्या खुणेपाशी परत नेता येतो. एक्सपीच्या काळात ती बहुधा आपोआप चालू असे. विंडोज १० आणि ११ मध्ये मात्र ती अनेक संगणकांवर बंदच आढळते आणि मालकाला ते कळते गरज पडल्यावर. म्हणून पहिले काम ती चालू करण्याचे.

स्टार्ट मेनूच्या शोधपट्टीत ‘क्रिएट अ रिस्टोर पॉइंट’ ही अक्षरे इंग्रजीत टंकावीत आणि वर दिसणाऱ्या पर्यायावर टिचकी द्यावी. ‘सिस्टम प्रोटेक्शन’ हा भाग उघडतो. तेथे डिस्कची यादी असते; विंडोज ज्या डिस्कवर आहे ती, म्हणजे बहुतेक घरी ‘सी’, निवडावी. तिच्यापुढे ‘ऑफ’ दिसत असल्यास ‘कॉन्फिगर’ दाबून ‘टर्न ऑन सिस्टम प्रोटेक्शन’ निवडावे. खालची पट्टी सरकवून या खुणांसाठी डिस्कवरची किती जागा द्यायची ते ठरवता येते; घरगुती वापराला पाच ते दहा टक्के पुरेशी होते. जागा भरली की जुन्या खुणा आपोआप पुसल्या जातात.

आता त्याच चौकटीतले ‘क्रिएट’ बटण दाबावे. एक नाव विचारले जाते. दिनांक आणि वेळ संगणक स्वतः नोंदवतो, म्हणून नावात कारण लिहावे : ‘नवा प्रिंटर बसवण्यापूर्वी’, असे. ‘टेस्ट’, ‘टेस्ट १’ अशी नावे तीन आठवड्यांनी काहीच सांगत नाहीत. पुन्हा ‘क्रिएट’ दाबल्यावर थोड्याच वेळात काम पूर्ण झाल्याचा संदेश येतो. काही बदलांपूर्वी विंडोज स्वतःही अशी खूण करते, परंतु प्रत्येक वेळी करतेच असे नाही.

परत जाण्याचा मार्गही येथेच आहे. ‘सिस्टम रिस्टोर’ बटण दाबले की उपलब्ध खुणांची यादी येते. हवी ती निवडून ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्रॅम्स’ अवश्य पाहावे. कोणत्या आज्ञावल्या आणि ड्रायव्हर निघून जातील आणि कोणते परत येऊ शकतील, ते तेथे दिसते. डोंगलचे दुखणे नव्या ड्रायव्हरमुळे जडले असेल, तर त्याचे नाव या यादीत असायला हवे. त्यानंतर संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. या मधल्या वेळात वीज जाता कामा नये. पावसाळ्यात वीज किती भरवशाची असते हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. यूपीएस नसेल तर हे काम आभाळ निवळल्यावर करावे.

विंडोज सुरूच होत नसेल, तर दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’ आणि त्यातील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये हीच सोय मिळते. तेथे नव्या संगणकांवर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. अडचण येण्यापूर्वीच ती कागदावर उतरवून ठेवणे बरे, कारण ते खाते उघडायला त्या वेळी संगणक चालू नसतो.

खुणा कायम टिकत नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या बदलांनंतर त्या जास्तीत जास्त ६० दिवस राहतात. विंडोजची मोठी नवी आवृत्ती बसवली की आधीच्या नाहीशा होतात. दिवाळीत केलेली खूण होळीला शोधण्यात अर्थ नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे. रिस्टोर पॉइंट म्हणजे आपल्या कामाची प्रत नव्हे. छायाचित्रे, पत्रे, हिशेब, नक्षीच्या फाइली यांना तो हात लावत नाही. म्हणून मागे गेल्याने त्या पुसल्या जात नाहीत, आणि चुकून पुसलेल्या परतही येत नाहीत. शिवाय तो त्याच डिस्कवर राहतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी तळमजल्यावर भिजलेल्या डिस्कबरोबर तिच्यातल्या खुणाही जातात. खंडणीखोर विषाणूंचेही तसेच : २०१७ च्या ‘वॉनाक्राय’ने फाइली कुलूपबंद करताना विंडोजने राखलेल्या या छायाप्रतीही पुसण्याची व्यवस्था केली होती.

तेव्हा कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावी आणि एरवी ती डिस्क संगणकाला जोडलेली ठेवू नये. भरतकाम करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट पाहावी. यंत्राकडे नेलेल्या पेनड्राइव्हमध्ये सहसा फक्त टाक्यांची डीएसटी फाइल असते. तिच्यावरून यंत्र चालते, पण नक्षीचा आकार किंवा टाक्यांची घनता नीट बदलायची तर आज्ञावलीतली मूळ फाइल लागते, आणि ती घरच्या संगणकावरच राहिलेली असते. प्रत घ्यायची ती तिची.