चंदैनी गोंदा : एका लोकमंचाचा इतिहास

दुर्गजवळच्या बघेरा या खेड्यात 7 नोव्हेंबर 1971 रोजी ‘चंदैनी गोंदा’ या मंचाचा पहिला प्रयोग झाला. गोंदा म्हणजे झेंडू. त्यातही चंदैनी गोंदा हा लहान फुलांचा, कुणाच्याही परसात उगवणारा. नावातच संस्थापकाची भूमिका व्यक्त झाली आहे. दाऊ रामचंद्र देशमुख हे त्यांचे नाव. आडनावावरून मराठी वाचकाने त्यांना आपल्यात ओढण्याची घाई करू नये. ते पूर्णपणे छत्तीसगढी गृहस्थ होते.

1950 साली त्यांनी ‘छत्तीसगढ देहाती कला विकास मंडळ’ स्थापन केले होते. ‘नाचा’ हा तेथील रात्रभर चालणारा लोकनाट्यप्रकार; त्यात जोक्कड म्हणजे सोंगाड्या आणि परी म्हणजे स्त्रीवेषातील पुरुष नर्तक. आपल्या तमाशाशी त्याचे साम्य सहज जाणवते. मात्र तमाशाला लाभलेले नामवंत लावणीकार नाचाला लाभले नाहीत. त्याचे सामर्थ्य उत्स्फूर्त संवादांत होते, आणि दौर्बल्यही तेथेच. मंडळातील कसलेले नट 1958 मध्ये हबीब तन्वीर यांच्याबरोबर दिल्लीस गेले आणि मंडळाचे कार्य मंदावले. पुढे तन्वीरांच्या ‘चरणदास चोर’ने 1982 साली एडिंबरोच्या महोत्सवात गौरव मिळविला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. मागे राहिलेल्या देशमुखांची हकीकत तितकी सांगितली जात नाही.

त्यांचे सासरे डॉ. खूबचंद बघेल हे छत्तीसगढी अस्मितेचे अग्रणी. ते 1969 मध्ये निवर्तले, आणि अवघ्या दोन वर्षांनी बघेऱ्याचा मंच उभा राहिला. या दोन घटनांचा संबंध केवळ कालाचा मानणे कठीण आहे.

मंचाचे खरे वैशिष्ट्य संगीतात होते. संगीतकार खुमान साव यांनी तरुणपणी दाऊ मंदराजींच्या नाचामंडळीत हार्मोनियम वाजविली होती, तसेच राजनांदगावात ऑर्केस्ट्राही चालविला होता. गीतकार व गायक लक्ष्मण मस्तुरिया तेव्हा बावीस वर्षांचे होते. ददरिया, करमा, सुवा यांच्या चालींना सावांनी वाद्यवृंदाची बैठक दिली, रात्रभर पसरणारे गीत आटोपशीर केले. आणि शेतकऱ्याच्या जीवनाची कथा त्या गीतांतून ओवली गेली. हीच गीते आकाशवाणीच्या रायपूर केंद्रावरून घरोघर पोहोचली. त्याच सुमारास अमेरिकेतही तरुण गायक लोकगीताला विजेच्या वाद्यांची जोड देत होते. 1965 च्या न्यूपोर्ट महोत्सवात बॉब डिलनने तसे केले तेव्हा श्रोत्यांपैकी काहींनी संताप व्यक्त केला. तेथील तरुण नगरातून लोकगीताकडे चालला होता. येथे खेडेच नगराच्या दारी उभे होते.

हे दार कोणते, ते ध्यानात घेतले पाहिजे. बघेऱ्यापासून काही मैलांवरच भिलाईचा पोलाद कारखाना. त्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. शेतांच्या जागी वसाहती उठल्या. गावांना नावे असतात, या वसाहतींना क्रमांक मिळाले. सेक्टर 2 मध्ये देशाच्या नाना प्रांतांतील कुटुंबे शेजारी आली. त्या गजबजाटात छत्तीसगढी ही मोलमजुरी करणाऱ्यांची बोली गणली गेली. तिच्यातील गीत हजारोंच्या समुदायापुढे, उत्तम ध्वनियोजनेसह, प्रतिष्ठेने ऐकू येणे याचे मोल केवळ कलेच्या मापाने कसे मोजणार?

तरीही समीक्षकाला एक आक्षेप टाळता येत नाही. सुसंस्कृत प्रेक्षकासाठी नाचा घासूनपुसून घेताना त्यातील ग्राम्य, उद्दाम विनोद उणावला. तन्वीरांनी तो उद्दामपणा जपला, म्हणून त्यांचे नाटक आजही बोचते. देशमुखांच्या मंचावर करुणेचे प्राबल्य वाढले. मात्र तन्वीरांच्या नटांना दाद मिळाली ती बहुधा परभाषिक रसिकांची, आणि ‘चंदैनी गोंदा’ची गीते त्यांच्याच मुलखातील भात लावणाऱ्या बायांच्या तोंडी बसली. दोहोंपैकी एकालाच अस्सल ठरविणे अन्यायाचे होईल. 1974 मध्ये महासिंग चंद्राकर यांनी ‘सोनहा बिहान’ हा मंच काढला. त्यावरून बघेऱ्याच्या प्रयोगाने केवढी वाट मोकळी केली हे दिसते.

पुढे देशमुखांनी मंच आवरता घेतला व ‘कारी’ या नाटकाकडे लक्ष वळविले. 13 जानेवारी 1998 रोजी ते निवर्तले. छत्तीसगढ राज्य त्यानंतर दोन वर्षांनी अस्तित्वात आले. खुमान साव मात्र त्याच नावाने मंडळी घेऊन वार्धक्यातही गावोगाव हिंडत राहिले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा त्यांनी पंचाऐंशी ओलांडली होती. मस्तुरिया 2018 मध्ये गेले, साव 2019 मध्ये.