अडीच फुटांची वाट

मी येलहंक्यात राहतो. बेंगळुरू वसवणारे केंपेगौडा मूळचे इथलेच. रविवारी पहाटे इथून सायकलवाल्यांचे थवेच्या थवे नंदीच्या डोंगराकडे निघतात. बहुतेक जण हमरस्त्याने जातात. मी मात्र जमेल तिथे लोहमार्गाच्या आसपासचे गावरस्ते धरतो: दोड्डजाला, देवनहळ्ळी, अवतीहळ्ळी, नंदी हॉल्ट. या रुळांच्या इतिहासाचा एक धागा आपल्या बार्शीपर्यंत जातो. आज तोच उलगडून पाहू.

येलहंका ते चिक्कबळ्ळापूर ही छोटी रेल्वे १९१५ साली सुरू झाली. तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच हे विश्वेश्वरय्या. त्यांचे जन्मगाव मुद्देनहळ्ळी नंदीच्याच परिसरातले. या गाडीच्या दोन रुळांमधले अंतर होते अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

हेच माप आपल्याकडे गाजवले ते बार्शी लाइटने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू केली. त्याचा हिशेब सरळ होता. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात आणि मोठी रेल्वे जिथे परवडणार नाही तिथेही गाडी पोचते. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची झाली.

आता गंमत बघा. याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगराळ भागात, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, अडीच फुटांचीच रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. बार्शीचा अनुभव त्याच्या गाठीशी होताच. पण तिथे लोहमार्ग खाली नदीकाठी आणि गावे वर डोंगरावर. प्रवासी थोडे, भिस्त दुधाच्या वाहतुकीवर. दूध रस्त्याने जाऊ लागले आणि १९३४ मध्ये गाडी बंद पडली.

रूळ उखडले गेले, पण जमिनीचे तुकडे पडले नाहीत. सगळी पट्टी रेल्वे कंपनीने स्थानिक काउंटी कौन्सिलला दिली आणि १९३७ मध्ये तिथे पायवाट खुली झाली. रेल्वेच्या जागेवर केलेल्या जगातल्या सुरुवातीच्या वाटांपैकी ही एक. आज लोक तिथे सायकलीवर जातात. चढ जाणवत नाही, कारण लोखंडी चाकाला तीव्र चढ मानवत नाही. डोंगर फोडून, भराव घालून उतार सौम्य करण्याचे कष्ट तेव्हाच्या मजुरांनी आधीच उपसलेले असतात. सायकलस्वार त्यांच्या घामावर चालतो.

येलहंक्याची आणि बार्शीची गोष्ट वेगळी. दोन्हीकडे रुंद रूळ आले आणि गाड्या आजही धावतात. हे उत्तमच झाले. ज्या मार्गावर माणसांना गाडी लागते, तिथे सायकलवाट हवी असे मी कधीच म्हणणार नाही.

खरी काळजी आहे ती मधल्या अवस्थेतल्या मार्गांची. विदर्भातली शकुंतला आठवा: यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर. माप तेच, अडीच फूट. लांबी सुमारे १९० किलोमीटर. गाडी थांबली आहे, आणि रुंद रूळ टाकून ती पुन्हा सुरू करा ही लोकांची मागणी रास्त आहे. पण निर्णय लांबतो तेव्हा रिकामी पट्टी गप्प पडून राहत नाही. कुठे झुडपे माजतात, कुठे टपरी उभी राहते, कुठे बांध सरकतो. एकदा ती मधेच तुटली की गाडीही गेली आणि वाटही गेली. तेवढी सलग जमीन पुन्हा मिळवायला काय लागते, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

अमेरिकेने यावर १९८३ मध्ये कायद्यात एक तोड काढली. बंद मार्गाची पट्टी मोडायची नाही, तिच्यावर तात्पुरती वाट करायची आणि उद्या रेल्वेला गरज पडली तर ती परत द्यायची. म्हणजे वाट ही रेल्वेची तेराव्याची पंगत नव्हे, ती रेल्वेची मुदत ठेव आहे. रोज माणसे जातात-येतात, म्हणून अतिक्रमण होत नाही. गावातल्या मुलांना शाळेला जायला सुरक्षित रस्ता मिळतो. आणि गाडीचा हक्कही शाबूत राहतो.

कॅलथ्रॉपच्या हिशेबात कमी खर्चात गावे जोडणे हे पहिले कलम होते. रूळ असोत वा नसोत, ते कलम आजही लागू आहे. तुमच्या तालुक्यात अशी एखादी बंद लाइन असेल तर एकदा जाऊन बघा, तिचे दोन्ही टोकांमधले अंतर अजून सलग आहे का. असेल, तर आवाज उठवण्याची वेळ हीच आहे.