सीमाभागाच्या घोषणांतले अलंकार

मे १९४६ मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव याच संमेलनात झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली आणि मागणी ठरावातून रस्त्यावर आली. रस्त्यावर तिला तोंडात बसणारी, चालता चालता म्हणता येणारी भाषा लागली. ती भाषा अलंकारांनीच घडवली.

‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा पाहा. कारवार समुद्रकाठी, निपाणी कोल्हापूरच्या वाटेवर, तर बिदर-भालकी पार जुन्या हैदराबाद संस्थानातली. नकाशावर एकमेकांपासून इतकी लांब असलेली गावे घोषणेत एका दमात येतात. ‘बिदर, भालकी’ यांची पहिली अक्षरे ओठांवरच उमटतात. साहित्यशास्त्र त्याला श्रुत्यनुप्रास म्हणते. शिवाय इथे लक्षणा आहे: प्रत्येक नाव आपल्याबरोबर भोवतालचा सारा मुलूख आणते. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यात ८६५ गावांची मागणी आहे. घोषणेला ती पाच नावांत पेलता आली.

‘रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में’ या घोषणेत दोन टोके समोरासमोर ठेवली आहेत, मधली वाट ठेवलेलीच नाही. ऐकायला ही अतिशयोक्ती वाटते. पण १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात आणि त्याआधीच्या सत्याग्रहांतही माणसे खरोखर तुरुंगात गेली.

शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी वेगळी वाट धरली. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड ऐकताना बराच वेळ वाटते, की हे मुंबईला पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्याचे विरहगीत आहे. शेवटाकडे मात्र शाहीर बेळगाव, कारवारची नावे घेतात आणि मैनेची ताटातूट ही खंडित महाराष्ट्राची उपमा होते. विरह आधी अंगावर आलेला असतो, म्हणून राजकारण समजावून सांगावे लागत नाही.

गाण्यासारख्याच तारखाही दोन अर्थांनी बोलतात. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे फडकतात. त्याच दिवशी बेळगावचे मराठी भाषक काळा दिन पाळतात.

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ असा फलक होता. जे व्हायचे आहे ते आत्ताच डोळ्यांसमोर घडते आहे असे दाखवणे, याला मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त भाविक अलंकार म्हटले आहे. येळ्ळूरकरांनी तो सिमेंट-दगडात उभा केला. सरकारी दप्तराला मात्र ते उघड विधान वाटले. जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रशासनाने फलक पाडला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तेव्हा पोलिसांनी दुसऱ्यांदा पाडला आणि गावात लाठीमार झाला.