कुतुबखान्याची किल्ली

वाचकहो, आपल्या घरी माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची पेटी आहे काय? आमच्या घरी होती. तिच्यात आजोबांच्या किताबा होत्या. हात लागला तर खराब होतील, या भीतीने पेटीला कायम कुलूप असे आणि किल्ली वडिलांच्या उशाखाली. वडील वारल्यानंतर आम्ही ती उघडली, तेव्हा आत वाळवीने केलेला भुगा होता. फारसीतले एक पुस्तक निम्मे शिल्लक होते. पण पहिली पानेच नसल्यामुळे ते कोणते, हेही कुणाला सांगता आले नाही. आम्ही ते जपले, आणि जपले म्हणूनच ते गेले.

इतिहास शिकवताना मला त्या पेटीची आठवण होते, आणि तिच्यासोबत एका अगदी वेगळ्या संग्रहाचीही. तो संग्रह म्हणजे पाटण्याचा खुदाबक्ष कुतुबखाना. ग्रंथवेड पुष्कळांना असते. परंतु जमवलेले ग्रंथ कुणासाठी, या प्रश्नाचे उत्तर फार थोड्यांनी दिले. खुदाबक्ष त्या थोड्यांपैकी एक होते.

मौलवी खुदाबक्ष यांचा जन्म 1842 सालचा, बिहारातील छपरा भागातला. त्यांचे वडील महंमद बक्ष पाटण्यात वकिली करीत. वकिलीच्या मिळकतीतून त्यांनी हस्तलिखिते जमवली. 1876 साली ते वारले तेव्हा त्यांच्या संग्रही सुमारे 1400 हस्तलिखिते होती. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलाला सांगितले की, हा संग्रह वाढव आणि ऐपत येईल तेव्हा लोकांसाठी खुला कर. खुदाबक्ष त्या वेळी श्रीमंत नव्हते. तरीही वडिलांचा शब्द त्यांनी मनावर घेतला.

पुढे वकिलीत त्यांचा जम बसला आणि ते सरकारी वकील झाले. मिळालेला पैसा ग्रंथांकडे जाऊ लागला. महंमद मक्की नावाचा एक अरब गृहस्थ त्यांनी दरमहा 50 रुपये पगारावर नेमला. हा माणूस कैरो, बैरूत, अरबस्तान, इराण असा हिंडून त्यांच्यासाठी हस्तलिखिते शोधीत असे. जो कोणी हस्तलिखित विकायला येईल, त्याला रेल्वेचे जाण्या-येण्याचे भाडे द्यायचे, मग व्यवहार होवो वा न होवो, असाही त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे चांगली वस्तू हाती आली की विकणाऱ्याला आधी पाटणा आठवे. एकदा त्यांच्याच एका माजी ग्रंथपालाने काही मौल्यवान ग्रंथ चोरून लाहोरच्या दलालाकडे पाठवले. दलालाला यातले काही ठाऊक नव्हते. उत्तम गिऱ्हाईक म्हणून त्याने ते ग्रंथ खुदाबक्ष यांनाच देऊ केले!

आता खरी गोष्ट पाहा. संग्रह 4000 हस्तलिखितांवर गेला, तेव्हा त्याची किंमत मोठी झाली होती. ब्रिटिश म्युझियमने त्यासाठी मोठी रक्कम देऊ केल्याचे सांगतात. खुदाबक्ष यांनी ती घेतली नाही. 1891 साली त्यांनी गंगेच्या काठची इमारत आणि सारे ग्रंथ विश्वस्तपत्र करून जनतेला देऊन टाकले. अट एकच होती : हे ग्रंथ पाटण्याबाहेर जाता कामा नयेत. ज्याला वाचायचे त्याने यावे, बसावे, वाचावे. पुढे ते काही वर्षे हैदराबादेस निजामाच्या न्यायालयात सरन्यायाधीश होते. अखेरच्या दिवसांत आजार आणि कर्ज यांनी त्यांना गाठले. विकण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती आणि ती त्यांनी अगोदरच दान केली होती. 1908 साली ते अल्लाला प्यारे झाले. त्यांची कबर कुतुबखान्याच्या आवारातच आहे.

तेथे काय आहे, हे थोडक्यात सांगतो. तैमूरच्या घराण्याचा अकबराच्या काळात तयार झालेला सचित्र इतिहास, 'तारीख-ए-खानदान-ए-तैमूरिया', तेथे आहे. त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. 2011 साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत तिची नोंद केली. हाफिजच्या दीवानाची एक प्रत आहे. हुमायून आणि जहांगीर हे बादशहा तिच्यातून शकुन पाहात आणि समासात स्वतःच्या हाताने टिपणे लिहीत. अंदलूसचे शल्यविशारद अल्-जहरावी यांच्या ग्रंथाची शस्त्रक्रियेच्या हत्यारांच्या आकृत्या असलेली प्रतही तेथे आहे. 1969 साली संसदेने कायदा करून या कुतुबखान्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले.

परंतु हा कुतुबखाना खुला असल्यामुळे आपल्या महाराष्ट्राला काय मिळाले, हे फारसे कुणी सांगत नाही. खुदाबक्ष हयात असतानाच पाटणा कॉलेजात जदुनाथ सरकार हे प्राध्यापक होते. मोगल काळाच्या अभ्यासासाठी ते फारसी शिकले आणि या कुतुबखान्यात बसून त्यांनी फारसी साधने वाचली. खुदाबक्ष यांच्यावर त्यांनी लेखही लिहिला. मात्र मराठी साधनांशिवाय मोगलांचा इतिहास पुरा होत नाही, हे त्यांना दिसत होते. त्याच काळी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत असलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई मराठ्यांचा इतिहास लिहीत होते. त्यांच्यापाशी मराठी कागद होते, पण फारसी नव्हती. 1904 च्या सुमारास या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि 1958 साली जदुनाथांच्या मृत्यूपर्यंत तो चालला. मला काय सापडले, तुम्ही काय वाचले, अमुक ग्रंथ कोठे मिळेल, अमुक तारीख बरोबर आहे का, अशी ती पत्रे. एक बंगाली, एक मराठी. एक फारसीचा जाणकार, एक मोडी कागदांचा. एकाच्या वाचनावाचून दुसऱ्याचे अडत होते, आणि दोघांनीही हात आखडता घेतला नाही. पुढे सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, त्यामागेही जदुनाथांचा पाठिंबा होता.

जदुनाथांची सगळी मते आपल्याला पटतीलच असे नाही. औरंगजेबाविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांवर पुढील इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातला आहे. मलाही त्यांचे सारे मान्य नाही. पण विचार करा : ज्याला ते मत खोडून काढायचे असेल, त्यालाही त्याच फारसी साधनांकडे, कदाचित त्याच कुतुबखान्यात जावे लागेल. खुदाबक्ष यांनी दार उघडताना आत येणाऱ्याचा धर्म विचारला नाही आणि तो पुढे काय लिहील हेही विचारले नाही. साधन सर्वांसमोर असले म्हणजे वाद पुराव्याने करता येतो. साधन पेटीत राहिले तर वाद राहतो, पुरावा मात्र वाळवी खाते.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी खुदाबक्ष होणार नाही. तेवढा पैसा आपल्यापाशी नाही. परंतु त्यांच्या वडिलांनी मुलाला सांगितले ते कोणत्याही बापाला सांगता येईल. घरातली जुनी पेटी या सुट्टीत उघडा. आत उर्दू, फारसी, मोडी जे असेल, ते वाचता येत नाही म्हणून रद्दीवाल्याला देऊ नका. जाणकाराला दाखवा, नाव-साल टिपून ठेवा. आणि ज्यांना वाचनाची आवड आहे अशा चार-पाच जणांनी महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या एखाद्या खोलीत बसावे. मी या महिन्यात काय वाचले, एवढेच प्रत्येकाने सांगावे. याला खर्च नाही, ठराव लागत नाही. माझ्यापाशी आजोबांचे ते निम्मे पुस्तक आहे. पहिल्या शनिवारी मी तेच घेऊन येईन. ते कोणते आहे, हे कदाचित आपल्यापैकी कुणीतरी सांगू शकेल.