तबकडीचा पाठभेद

अमेरिकन जॅझवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका १९५९ साली निघाली. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणात मुख्य यंत्रावरची फीत किंचित संथ फिरली. परिणामी पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर जराशा चढ्या स्वरात उमटल्या. जोडीच्या यंत्रावरची फीत योग्य गतीची होती. तिच्या आधारे १९९२च्या सीडीत ही चूक दुरुस्त झाली.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या परंपरेतले आपण सीडीलाच प्रमाण मानू. वादकांनी वाजवले ते तिच्यातच आहे. परंतु ३३ वर्षे श्रोत्यांच्या कानांत मुरले ते चढे स्वर. या संगीताचा प्रभाव अभ्यासायचा, तर तबकडी बाद करून चालणार नाही. पाठभेद म्हणून तीही जपायला हवी.