पाच अब्जांची मर्यादा आणि जपानची माघार

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका ‘फिक्स्ड प्राइस’ प्रोजेक्टवर होतो. काम कितीही वाढलं तरी पैसे ठरलेलेच. सगळ्यात कमी भाव लावून आमच्या कंपनीनं ते मिळवलं, तेव्हा ऑफिसात केक कापला होता. सहा महिन्यांनी आम्ही शनिवार-रविवारीही त्याच ऑफिसात बसत होतो. वाढलेल्या कामाची किंमत शेवटी आमच्या झोपेतून वसूल झाली.

त्यामुळे हाँगकाँग मेट्रोच्या कंत्राटाची गोष्ट पहिल्यांदा वाचली, तेव्हा ती ओळखीची वाटली.

१९७०च्या आसपास ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हाँगकाँगची लोकसंख्या चाळीस लाखांच्या घरात होती. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी, त्यामुळे रस्ते वाढवायला जागाच नव्हती. १९६७मध्ये सल्लागारांनी भुयारी रेल्वे सुचवली. पहिला टप्पा ठरला साधारण २० किलोमीटरचा. सरकारला धास्ती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे खर्च हाताबाहेर जाण्याची. म्हणून ठरलं की बोगदे, स्थानकं, रूळ, गाड्या, सिग्नल असं सगळं मिळून एकच कंत्राट द्यायचं. आकडा एक आणि जबाबदारही एकच.

वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे गट या स्पर्धेत उतरले. ब्रिटिश वसाहत असूनही १९७४च्या सुरुवातीला बाजी मारली जपानी गटानं. पाच अब्ज हाँगकाँग डॉलरच्या कमाल मर्यादेत सगळं काम करून द्यायची त्यांची तयारी होती. सरकारला याहून चांगलं काय हवं होतं?

पण काळ वाईट होता. ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या चार महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला होता. १९७४मध्ये खुद्द जपानमधली महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. तेल महागलं की सिमेंट, पोलाद, वाहतूक सगळंच महागतं. कंत्राटातला आकडा मात्र तिथेच राहतो. वर्षभरातच जपानी गटानं अंग काढून घेतलं आणि वर्षानुवर्षं आखलेली योजना पुन्हा कागदावर आली.

मला खरा रस आहे तो हाँगकाँगनं पुढे काय केलं यात. त्यांनी प्रकल्प गुंडाळला नाही. मार्ग कापून १५.६ किलोमीटरवर आणला. १९७५मध्ये मास ट्रान्झिट रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एका अवाढव्य कंत्राटाऐवजी कामाचे बरेच तुकडे करून ते वेगवेगळ्या कंपन्यांना दिले. त्यातली काही कामं जपानी कंपन्यांनीच घेतली. गाड्या मात्र ब्रिटनच्या मेट्रो-कॅमेलकडून आल्या. नोव्हेंबर १९७५मध्ये खोदकाम सुरू झालं आणि १ ऑक्टोबर १९७९ला पहिली गाडी प्रवाशांसाठी धावली. काउलून बे डेपोच्या डोक्यावर टेलफर्ड गार्डन्स ही वसाहत उभारून कॉर्पोरेशननं जमिनीतूनही पैसा उभा केला.

तुकडे केल्यानं धोका नाहीसा झाला का? नाही, त्याची जागा बदलली. एका कंपनीचा बोगदा दुसऱ्या कंपनीच्या स्थानकाला नीट येऊन मिळतो का, सिग्नलवाल्याला रूळ वेळेत ताब्यात मिळतात का, हे बघणं आता कॉर्पोरेशनच्या गळ्यात होतं. सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या टीमचे मॉड्यूल जोडताना रात्री जागवणारा हाच तो प्रकार. फरक इतकाच, की धोका आता तो पेलू शकणाऱ्याकडे होता. दोन कामांमधली गाठ कॉर्पोरेशन सोडवू शकत होतं. तेलाचा भाव जपानी गटाच्या हातात कधीच नव्हता.

मुंबईच्या मेट्रो ३चं भुयारी कामही सात पॅकेजमध्ये विभागलं होतं. त्या गाडीतून जाताना दोन स्थानकांच्या मधल्या अंधारात मला कधीकधी ही गोष्ट आठवते.

एखादं मोठं टेंडर अमुक देशानं जिंकलं अशी बातमी आली, की आपण आकडा आणि झेंडा बघतो. मी आता आणखी एक गोष्ट शोधतो: भाव वाढले तर पैसे कोण भरणार, हे कंत्राटात कुठे लिहिलंय? ‘कंत्राटदार, काहीही झालं तरी’ असं उत्तर मिळालं, तर मला तो केक आठवतो.