दिव्याची पेटी

बोट लांबच उभी राहते. धक्क्याला लागण्याइतकं पाणी नाही, म्हणून पडाव आलेत; आणि पडावातला खलाशी तुमचा दंड धरून तुम्हाला पोत्यासारखं खाली घेतो. "बोट लागली वाटतं पाव्हण्यांना," असं म्हणून तो हसतो. लागली आहे खरी. काल सकाळी भाऊच्या धक्क्यावर चढलात त्याला युग लोटल्यासारखं वाटतंय. एका अर्थी ते खरंही आहे, कारण हा फेब्रुवारी 1957 चा आहे. कोकण रेल्वे सुरळीत धावायला अजून 41 वर्षं आहेत. तुमच्या खिशात आणे आणि पैसे आहेत, नोटा आहेत, दुसरं काही नाही. हात सारखा खिशाकडे जातो, फोन चाचपायला. तो जाऊ देऊ नका, लोकांना वाटेल पैसे चोरीला गेलेत.

पडावात तुमच्या शेजारी बसलेला माणूस लालबागचा, गिरणीच्या साचेखात्यातला. मांडीवर कागदाचा गठ्ठा, वर गोणपाट बांधलेलं. हँडबिलं आहेत. पाणी उडालं की तो छत्री आपल्या डोक्यावर न धरता गठ्ठ्यावर धरतो. त्याचं नाव मतदारयादीत मुंबईला आहे, मत द्यायला तो परत जाणार, पण तोवर गावात "बाया समजवायच्या आहेत." हे ऐकून हसू नका. या जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त आहेत, कारण पुरुष मुंबईत आहेत. उमेदवार कुणीही असो, रत्नागिरीची निवडणूक बायकांच्या हातात आहे. ते सगळ्यांना माहीत आहे आणि एकाही व्यासपीठावर बाई बसलेली नाही.

मांडवीवरून चढ चढून तुम्ही गावात येता. भिंतींवर गेरूने बैलजोडी आणि चुन्याने दिवा. बैलजोडी काँग्रेसची, दिवा जनसंघाचा, पण यंदा रत्नागिरीत तो संयुक्त महाराष्ट्र समितीचा. उमेदवार प्रेमजीभाई आसर. नाव गुजराती वळणाचं, आणि लढाई गुजरातसकटच्या द्विभाषिक मुंबई राज्याविरुद्ध! यावर कोपऱ्याकोपऱ्यावर विनोद झालेत आणि शिळेही झालेत. "माणूस आमच्या गावचा," एवढ्यावर विषय संपतो. खरी गंमत पुढे आहे. जनसंघाला तत्त्वतः भाषावार राज्यंच नकोत, सगळा देश एकाच केंद्रसत्तेखाली हवा. तरीही तो समितीत आहे, आणि त्याच्या दिव्यासाठी पडावातला तो लाल बावटेवाला छत्री धरतोय.

रामआळीतल्या एका दुकानापाशी तुम्ही थांबता. एक बाई हातात मनिऑर्डरचं कुपन घेऊन उभी आहे. दुकानदार तराजूत गुंतलेला, म्हणून ती तुमच्याकडे वळते.

"दादा, तेवढं वाचून दाखवता?"

तुम्ही वाचता. कुपनावर जागा बोटभर, अक्षर मुंगीएवढं: सर्व खुशाल. मोहोर कसा आहे ते कळवणे. आईला तंबाखू कमी करायला सांगणे. मत दिव्याच्या पेटीत.

"दिव्याच्या," ती स्वतःशी म्हणते. यंदाही मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं, कोरा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आत पडद्यामागे बाई एकटीच. तिथे नवरा नसतो, वकील नसतो, बैलसुद्धा कागदाचा.

मग ती सामान घेते. काड्यापेटी, सासूची तंबाखू, बाटलीभर रॉकेल, चहाची पुडी, थोडी साखर. लुगड्याचा भाव नुसता विचारते. तुम्ही भविष्यातले, म्हणून तुमच्या डोक्यात निराळाच हिशेब सुरू होतो. काड्यापेटीवर चिकटवलेली ती कागदी पट्टी म्हणजे अबकारी कर भरल्याची खूण. तंबाखूवर अबकारी, रॉकेलवर अबकारी, चहावर, साखरेवर, गिरणीच्या कापडावरही. गंमत अशी की ते कापड तिच्याच नवऱ्याने साच्यावर विणलेलं असेल. तो मुंबईत विणतो, ती रत्नागिरीत कर भरून नेसते. प्राप्तिकर मात्र या घराला ठाऊक नाही. त्याची मर्यादा सध्या वर्षाला 4,200 रुपये, म्हणजे महिन्याला साडेतीनशे. साचेवाल्याला कोण देतो साडेतीनशे? म्हणून सरकारी वहीत हे कुटुंब 'कर न भरणारं' आहे.

या दुकानात एक वस्तू मात्र मोकळी: मीठ. त्याच्यावरचा कर 1947 साली गेला. 1930 साली याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, शिरोड्याला, त्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली होती. बाई मीठ घेत नाही. घरात आहे.

संध्याकाळी साचेवाला तुम्हाला टिळक आळीतल्या एका वकिलांच्या ओटीवर घेऊन जातो. "मुंबईचे पाव्हणे" एवढी ओळख पुरते. झोपाळ्यावर वकील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सतरंजीवर झोपडी चिन्हाच्या पक्षातले, म्हणजे प्रजासमाजवादी, एक मास्तर. ते शिरोड्याला होते, डाव्या भुवईवर खूण आहे. सकाळचा दुकानदार आलाय, तो जनसंघाचा. खांबाला टेकून एक म्हातारा भंडारी. आणि पायरीवर, ओटीवर नव्हे, अण्णांचं कूळ. उद्याच्या तिठ्यावरच्या सभेत काय बोलायचं ते ठरवायला ही बैठक आहे. पेट्रोमॅक्स अजून पेटलेली नाही. मुलगा पंप मारतोय.

साचेवाला कागद काढतो. गिरणगावातून लिहून आणलंय: काड्यापेटी-तंबाखूवरचा कर काढा, श्रीमंतांच्या संपत्तीवर कर बसवा.

"संपत्तीवर?" दुकानदार ताठ होतो. "आधी विक्रीकर काढा म्हणावं. वही लिहून हात मोडला. व्यापार कमी, कारकुनी जास्त."

"विक्रीकर का आला ते विचारा," खांबाकडून आवाज येतो. सगळे वळतात. म्हातारा सावकाश बोलतो. "पूर्वी माडाला कर होता. एका माडाचे इतके. सायबाने घेतलान, आमी दिला. मग दारूबंदी आली. सरकारचं उत्पन्न गेलं, आमचं पोट गेलं. सरकारने आपलं भरून काढलान तुमच्या काड्यापेटीतून. आमचं कोण भरणार?"

ओटीवर थोडा वेळ कुणीच बोलत नाही. अर्थशास्त्राचं जाडजूड पुस्तक उघडून तुम्ही शोधलंत तरी मुंबई राज्याच्या तिजोरीचं इतकं थोडक्यात वर्णन सापडणार नाही. मद्यावरचं उत्पन्न सोडून दिलं, ते पिणाऱ्याकडून येत होतं. त्याची भर घातली विक्रीकराने, तो पिणारा-न पिणारा सगळ्यांकडून येतो. नीतीचा खर्च कुणी उचलला, हा प्रश्न सभेत विचारता येत नाही. विचारला तर मास्तरांचेच निम्मे गांधीवादी स्नेही उठून जातील.

अण्णा झोपाळा थांबवतात. त्यांनी वाचलेलं आहे. केंब्रिजचे कॅल्डॉर म्हणून कुणी गेल्या वर्षी दिल्लीला येऊन अहवाल देऊन गेलेत: संपत्तीवर कर, खर्चावर कर, भांडवली नफ्यावर कर. "भांडवली नफ्याचा तर अर्थमंत्री कृष्णम्माचारींनी आणलासुद्धा. बाकीचे निवडणुकीनंतर आणतील, बघा. आपले चिंतामणराव असते तर..."

देशमुखांचं नाव निघताच सगळ्यांचे चेहरे सैल होतात. अर्थमंत्री होते, शेजारच्या कुलाब्याचे खासदार. मुंबईच्या प्रश्नावर गेल्या जुलैत राजीनामा देऊन बाहेर पडले. या ओटीवर त्यांचं कुठलं अंदाजपत्रक कुणाच्या फायद्याचं होतं याची चर्चा कधीच होत नाही. राजीनाम्याने सगळे हिशेब मिटवले आहेत. प्राप्तिकराची मर्यादा 4,200 वर त्यांनीच नेली, ते अण्णांना ठाऊक आहे. पण अण्णांना स्वतःला त्याचा फारसा उपयोग नाही. वकिलीचं उत्पन्न त्यांना दाखवावं लागतं. हापूसच्या बागेचं दाखवावं लागत नाही, शेतीला प्राप्तिकर नाही.

हे तुमच्या तोंडून निघून जातं. "म्हणजे लालबागचा कारकून साडेतीनशेच्या वर गेला की कर, आणि बागायतदाराला हजारांवरही नाही?"

अण्णा तुमच्याकडे बघतात. रागाने नव्हे, पाहुण्याकडे बघतात तसं. "बागेची जोखीम कुणाची? उद्या ढग आले तर मोहोर जळतो. कारकुनाचा पगार जळतो का?"

उत्तर चांगलं आहे. मला स्वतःला ते पुरेसं वाटत नाही, पण फेब्रुवारीत, आभाळाकडे बघत बसणाऱ्या माणसासमोर ते खोडायला जीभ रेटत नाही.

आणि तेव्हा पायरीवरून कूळ विचारतं, "अण्णा, त्या एक एप्रिलचं काय?"

पंप मारणारा मुलगासुद्धा थांबतो. एक एप्रिल 1957. कूळकायद्याच्या नव्या दुरुस्तीने तो कृषिदिन ठरवलाय: त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाणार. खोती कायद्याने जाऊन सात वर्षं झाली, तरी अर्धेल आणि तिर्धेल हे खंडाचे शब्द अजून या अंगणात राहतात. कायदा काँग्रेसचा. अण्णा काँग्रेसवर का रागावलेत याचं एक कारण मुंबई आहे, आणि दुसरं पायरीवर बसलेलं आहे. पायरीवरचा माणूसही दिव्यालाच मत देणार, कारण त्याचा पुतण्या गेल्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या गोळीबारात जखमी झाला. दोघे एकाच पेटीत कागद टाकणार. तिथून पाच आठवड्यांत एकमेकांसमोर मामलेदाराकडे उभे राहणार.

"ते कायद्याप्रमाणे होईल," अण्णा म्हणतात.

मास्तर घसा साफ करतात. इतका वेळ ते गप्प होते, आणि आता कळतं की या ओटीवरचं राजकारण त्यांनाच येतं. ते साचेवाल्याच्या हातातला कागद घेतात, घडी घालतात, त्याच्याच खिशात ठेवतात.

"भाऊ, यातलं एकेक वाक्य खरं आहे. उद्या हे वाचलंस तर हे दुकानदार उठतील. विक्रीकरावर बोललो तर तुझा पक्ष विचारेल, मग सरकार चालवायचं कशावर. दारूबंदीवर बोललो तर मी उठेन. कुळांवर बोललो तर..." ते झोपाळ्याकडे बघत नाहीत. "एकशे पाच माणसं मेली ती मुंबईसाठी. उद्या फक्त मुंबई. पैशाचं भांडण राज्य मिळाल्यावर, घरात."

"आणि तेव्हा तुम्ही असाल आमच्याबरोबर?" साचेवाला विचारतो.

"मी तुझ्यासमोर असेन," मास्तर म्हणतात, आणि पहिल्यांदाच सगळे मोकळं हसतात.

तुम्हाला सांगायचा मोह होतो. सांगू नका, पण आठवा. दिवा इथे जिंकणार आहे. प्रेमजीभाई लोकसभेत जातील, साऱ्या देशातून जनसंघाचे चारच जण येतील, त्यातले ते एक. राजापुरातून झोपडीवाले नाथ पै जातील. दिल्लीत मात्र काँग्रेसच प्रचंड बहुमताने. 15 मे रोजी कृष्णम्माचारी अंदाजपत्रक मांडतील आणि अण्णांचं भाकीत खरं ठरेल: संपत्तीकर आणि खर्चावरचा कर दोन्ही येतील. त्याच अंदाजपत्रकात प्राप्तिकराची मर्यादा 4,200 वरून 3,000 वर खाली येईल, हे भाकीत मात्र ओटीवर कुणीच केलेलं नाही. खर्चावरचा कर दोनदा येऊन दोनदा जाईल. संपत्तीकर 2015 पर्यंत रेंगाळेल. काड्यापेटीवरचा तुमच्या काळातही आहे, फक्त नाव बदललंय. राज्य 1960 साली मिळेल, मुंबईसकट. आणि विभक्त होताना गुजरातची तूट भरायला महाराष्ट्र पैसे मोजेल. ते आत्ता इथे सांगितलंत तर दुकानदार पहिला विचारेल, कोणत्या करातून?

पेट्रोमॅक्स पेटते. सगळे एकदम एकमेकांना नीट दिसू लागतात, आणि बैठक मोडते.

दुसऱ्या दिवशी सभा जोरात होते. मुंबई हा शब्द किती वेळा आला ते मोजायचं तुम्ही सोडून देता. करांबद्दल एक अक्षर नाही. भंडारी आजोबा मागे भिंतीशी उभे, टाळ्या वाजवतात. साचेवाला हँडबिलं वाटतो. खिशात घडी तशीच आहे.

परतीच्या बोटीला वेळ आहे म्हणून तुम्ही पुन्हा रामआळीत येता. कुपनवाली बाई दुकानासमोर. भिंतीवर सरकारी तक्ता लागलाय, नव्या नाण्यांचा. एक एप्रिलपासून रुपयाचे सोळा आणे नाहीत, शंभर नवे पैसे. त्याच दिवशी. आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, चार आण्यांचे पंचवीस. दुकानदार तिला समजावतोय.

ती बोटांवर मोजते. पुन्हा मोजते.

"सहा चोक चोवीस," ती म्हणते. "चारदा आण्याआण्याने दिलं तर चोवीस. एकदम दिलं तर पंचवीस. तो एक पैसा कुणाचा?"

"अहो, पाव पाव पैसा पडतो मध्ये. तो कुठे मोजत बसायचा?"

"माझी वस्तू आण्याची असंल तर तुमी सहा घेणार की सात?"

दुकानदार तुमच्याकडे बघतो. खाली मांडवीवर बोटीचा भोंगा होतो. ती उत्तराची वाट बघत उभीच आहे, काड्यापेटी हातात, पट्टी अजून फोडलेली नाही.